नकाशातील कोरी जागा

जुन्या नकाशांविषयी लिहिणारे बहुधा त्यांच्या सौंदर्याविषयी लिहितात. ॲमस्टरडॅमच्या विलेम ब्लाऊ यांच्या सतराव्या शतकातील आफ्रिकेच्या नकाशाचेही असेच कौतुक होते. वरच्या कडेला नऊ शहरांची चित्रे, दोन्ही बाजूंना स्थानिक पोशाखातील माणसे, समुद्रात जहाजे, खंडाच्या पोटात हत्ती आणि सिंह! चित्र सुंदर आहे, यात वाद नाही. पण नकाशा म्हणून ते कसे आहे?

आधी असे नकाशे कसे तयार होत ते पाहू. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादी हत्याराने उलट्या रेघा कोरत. खाचांत शाई भरून, वरची शाई पुसून, ओलसर कागदावर दाबाने ठसा घेत. रंग नंतर कुंचल्याने भरत. त्यामुळे एकाच पत्र्याच्या दोन प्रतींचे रंग वेगळे असू शकतात. कोरीव काम खर्चिक, म्हणून तोच पत्रा अनेक वर्षे वापरत. साहजिकच चुकाही तितकीच वर्षे छापल्या जात.

ब्लाऊंच्या नकाशातील किनारा खलाशांच्या माहितीवर आधारलेला, म्हणून बराच विश्वसनीय आहे. अंतर्भाग मात्र तसा नाही. तेथे नाईल नदी दोन मोठ्या सरोवरांतून निघते. ही कल्पना दुसऱ्या शतकातील टॉलेमीची. पण किनारा आणि सरोवरे सारख्याच ठाम रेघेने कोरली आहेत. कोणती रेघ पाहिलेली आणि कोणती ऐकीव, हे वाचकाला कळत नाही. आमच्या मते या नकाशाचा खरा दोष हाच.

फ्रान्सच्या दांव्हिल यांनी १७४९ साली वेगळी वाट धरली. पुरेसा पुरावा नव्हता तेथे त्यांनी आफ्रिकेचा अंतर्भाग बराचसा कोरा सोडला. ‘माहीत नाही’ हेही विज्ञानात मोलाचे विधान असते. अर्थात कोरी जागा म्हणजे निर्जन प्रदेश नव्हे. तेथे माणसे राहतच होती. माहिती नव्हती ती पॅरिसला.

हा संयम टिकवणे सोपे नाही. जेम्स रेनेल यांनी बंगालची मोजणी करून उत्तम नकाशे केले होते. पण १७९८ साली मंगो पार्क यांच्या प्रवासाचा नकाशा काढताना त्यांनी पश्चिम आफ्रिकेत ‘काँग’ नावाची लांबलचक पर्वतरांग आखली. पार्क यांना दूरवर काही डोंगर दिसले होते. बाकीची रांग अनुमानाची होती. रेनेल यांच्या नावावर विश्वास ठेवून इतरांनी ती उतरवून घेतली. १८८७ ते १८८९ या काळात फ्रेंच प्रवासी बँजे त्या प्रदेशातून फिरले, तेव्हा अशी रांग तेथे नाही हे स्पष्ट झाले.

असे नकाशे वर्गात जरूर दाखवावेत, पण प्रत्येक रेघेपाशी ‘हे कोणी मोजले?’ असे विचारू द्यावे. हाच प्रश्न प्रयोगवहीतील आलेखालाही लागू आहे. बिंदू मोजलेले असतात. त्यांना जोडणारी रेषा आपण काढलेली असते.