पान्हा सशाचा, प्रथिन माणसाचे

आमच्या धरमपेठेत दुधाची चर्चा फॅट आणि पाणी या दोन मुद्द्यांवर संपते. नेदरलँड्समधल्या ‘फार्मिंग’ कंपनीच्या सशांचे दूध मात्र जरा सावकाश न्याहाळावे असे आहे. जनुकबदल केलेल्या या सशांच्या दुधातून ‘रुकोनेस्ट’ नावाचे औषध निघते. युरोपात त्याला २०१० मध्ये परवानगी मिळाली, अमेरिकेत २०१४ मध्ये.

आधी दुखणे. हेरेडिटरी अँजिओएडेमा हा घराण्यात चालत येणारा विकार साधारण ५०,००० माणसांत एकाला होतो. रक्तातले ‘सी-१ इनहिबिटर’ हे प्रथिन कमी पडते किंवा निकामी निघते, मग सूज आणणारे ब्रॅडिकायनिन बेलगाम वाढते आणि ओठ, हात, आतडी, कधी थेट गळाच सुजतो. अंगावर पित्त उठत नाही. पित्ताच्या गोळ्याही इथे उपयोगाच्या नाहीत.

निरोगी माणसात हे प्रथिन काय करते, ते पाहण्यासारखे आहे. ते आपल्या अंगाचा एक फास ब्रॅडिकायनिन तयार करवणाऱ्या विकराच्या तोंडासमोर धरते. विकर त्याला चावते, आणि चावताक्षणी फास झटक्यात आत ओढला जातो. चिकटलेले विकर फरफटत दुसऱ्या टोकाला जाऊन वेडेवाकडे होते. कबड्डीतली पकडच ही, फक्त इथे पकडणाराही बाद होतो. एका विकरामागे एक रेणू कायमचा खर्ची पडतो, म्हणून औषध भरपूर लागते.

आता मुख्य कारागिरी. परके जनुक फलित अंडपेशीत सूक्ष्म सुईने सोडण्याची करामत रॉबर्ट हॅमर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच ससे, मेंढ्या आणि डुकरांत करून दाखवली होती. रुकोनेस्टची नजाकत मानवी जनुकापुढे जोडलेल्या तुकड्यात आहे. तो आहे गाईच्या केसीन जनुकाचा प्रवर्तक. मानवी जनुक सशाच्या कानात, यकृतात, सगळीकडे असते, पण या प्रवर्तकामुळे ते बोलते ते मुख्यतः दूध तयार करणाऱ्या पेशींत, मादीला पान्हा फुटला की. हुकूम गाईचा, मजकूर माणसाचा, राबणारी सशीण! इतका नेमका संयम मला तरी जनुक घालण्यापेक्षा अवघड वाटतो.

ससाच का? गाभणकाळ जेमतेम महिन्याचा, एका वेतात बरीच पिले, आणि दुधात गाईच्या कितीतरी पट प्रथिने.

सर्वांत रसाळ जागा मात्र साखरेत दडली आहे. प्रथिनातली ४७८ अमिनो आम्ले माणसाच्याच क्रमाने लागतात, पण त्यावर साखरेच्या साखळ्या चढवते सशाची पेशी, आपल्या पद्धतीने. त्या साखळ्यांची टोके अर्धवट झाकलेली राहतात, यकृत ती ओळखते आणि प्रथिन उचलून नेते. माणसाच्या रक्तद्रव्यातून काढलेले हेच प्रथिन शरीरात निम्मे व्हायला साधारण दिवस किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. सशाचे अडीच-तीन तासांत निम्मे होते. सूज उठल्यावर द्यायला तेवढे पुरते. शुद्धीकरणानंतरही सशाचा काही अंश उरू शकतो, म्हणून सशाची ॲलर्जी असलेल्याला हे औषध वर्ज्य.

इतक्या देखण्या रचनेतही एक जागा रिकामी राहिली. २०१४ च्या अमेरिकी परवान्यात स्पष्ट नोंद आहे: गळ्याच्या सुजेवर परिणामकारकता सिद्ध झालेली नाही, कारण तसे रुग्ण चाचण्यांत फारच थोडे होते.