‘प्रिझ्यूम्ड इनोसंट’: माध्यमांतर, समीक्षा आणि निर्दोषत्वाचा प्रश्न

प्रस्तावना

साहित्यकृतीचे दृश्यमाध्यमात रूपांतर झाले की समीक्षेचा पहिला प्रश्न बहुधा मूळ कृतीशी असलेल्या इमानाचा असतो. काय वगळले, काय बदलले, शेवट तोच ठेवला की नाही, यांची मोजदाद होते आणि तिलाच मूल्यमापन मानले जाते. रहस्यकथेच्या बाबतीत ही मोजदाद आणखी आखूड होते. खुनी कोण, या एका प्रश्नाभोवती सारी चर्चा फिरू लागते. स्कॉट टुरो यांच्या ‘प्रिझ्यूम्ड इनोसंट’ (1987) या कादंबरीवर आधारित, 2024 साली ॲपल टीव्ही प्लसवर प्रसारित झालेल्या मालिकेचे स्वागत हे याचे बोलके उदाहरण आहे. या स्वागताची दिशा तपासून, त्यातून निसटलेला एक मूलभूत प्रश्न पुढे मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनाच्या ओघात दोन्ही कृतींतील रहस्याचा उलगडा करणे अपरिहार्य आहे.

मूळ कादंबरीचे न्यायविश्व

टुरो हे स्वतः शिकागो येथे संघराज्याचे सरकारी वकील होते. न्यायव्यवस्थेतील भ्रष्टाचाराचे खटले त्यांनी जवळून पाहिले होते आणि ही कादंबरी त्याच सेवाकाळात लिहिली गेली. किंडल काउंटी या काल्पनिक परगण्यात कथा घडते. सरकारी वकिलांच्या कार्यालयातील दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी रस्टी सॅबिच याच्यावर सहकारी कॅरोलिन पोल्हेमस हिच्या खुनाचा आरोप येतो. तिच्याशी त्याचे विवाहबाह्य संबंध होते. जी यंत्रणा त्याने वर्षानुवर्षे चालवली, तीच त्याच्यावर उलटते.

कादंबरीतील निर्णायक घटना खटल्याच्या निकालात आहे. ज्युरीला निर्णय देण्याची वेळच येत नाही. न्यायाधीश लॅरन लिट्ल फिर्यादी पक्षाचा पुरावा अपुरा ठरवून खटला काढून टाकतात. वरकरणी हा कायद्याचा विजय आहे. परंतु बचाव पक्षाचे वकील सँडी स्टर्न भर न्यायालयात एका जुन्या लाचप्रकरणाच्या फाईलचा पुनःपुन्हा उल्लेख करतात. त्या फाईलचे धागेदोरे खुद्द न्यायाधीशांपर्यंत पोहोचत असतात, हे वाचकाला मागाहून कळते. म्हणजे एक निरपराध माणूस सुटतो. पण सुटण्याची वाट भ्रष्टाचारातून जाते. पुढे खून पत्नी बार्बरा हिने केल्याचे रस्टीला उमगते आणि मुलाची आई हिरावली जाऊ नये म्हणून तो मौन पत्करतो. न्यायालयाला सत्य सापडत नाही. ते ज्याला सापडते तो सरकारी वकील असूनही बोलत नाही. या दुहेरी पराभवात कादंबरीचे सामर्थ्य आहे.

मालिकेचे स्वागत

डेव्हिड ई. केली यांनी निर्मिलेली ही आठ भागांची मालिका 12 जून ते 24 जुलै 2024 या काळात, पहिले दोन भाग एकत्र व नंतर दर आठवड्यास एक, अशी प्रसारित झाली. तत्पूर्वी 1990 मध्ये ॲलन पाकुला यांचा हॅरिसन फोर्ड अभिनीत चित्रपट येऊन गेला होता. त्यामुळे मालिकेकडे अनेकांनी दुहेरी तुलनेच्या नजरेने पाहिले.

अभिनयाविषयी समीक्षकांचा सूर बव्हंशी अनुकूल होता. टॉमी मोल्टोच्या भूमिकेतील पीटर सार्सगार्ड, रेमंड हॉर्गन साकारणारे बिल कॅम्प आणि बार्बराच्या भूमिकेतील रूथ नेग्गा यांची विशेष वाखाणणी झाली. 2025 च्या एमी पुरस्कारांसाठी या तिघांना आणि नायक जेक जिलेनहाल यांना नामांकने मिळाली. आक्षेप प्रामुख्याने रचनेवर होते. दोन तासांत मावलेली कथा आठ भागांत ताणली गेली आहे, स्वप्नदृश्ये व स्मृतिदृश्ये यांचा भडिमार आहे, गांभीर्याचा आविर्भाव अधिक आहे, असे म्हटले गेले. अखेरचा भाग येताच चर्चा शेवटावर एकवटली. मालिकेत खून पत्नीच्या नव्हे, तर जेडन या किशोरवयीन मुलीच्या हातून घडलेला दाखवला आहे. हा बदल पटण्याजोगा आहे की केवळ धक्क्यासाठी केला आहे, यावर मतभेद झाले.

हे आक्षेप निराधार नाहीत. रहस्याचा पडदा आठवडोगणती लांबवला की प्रत्येक भागाच्या शेवटी नवा संशय निर्माण करणे भाग पडते आणि पात्रांच्या मनोव्यापारापेक्षा कलाटण्यांना महत्त्व येते. तरीही ही समीक्षा खुन्याच्या ओळखीपाशीच थांबते, ही तिची मर्यादा आहे.

अनुत्तरित राहिलेला प्रश्न

प्रस्तुत लेखकाच्या मते मालिकेतील सर्वांत मोठा बदल न्यायसंस्थेच्या स्थानाचा आहे. मालिकेतील न्यायाधीश स्त्री आहेत आणि लाचखोरीचे ते सूत्र येथे नाही. सँडी स्टर्न नाहीत. रस्टीचा बचाव त्याचा जुना वरिष्ठ हॉर्गन करतो. कादंबरीत हाच हॉर्गन त्याच्याविरुद्ध साक्ष देतो, हे लक्षात घेतले म्हणजे स्थित्यंतर स्पष्ट होते. संस्थेतील सत्तासंबंधांच्या जागी मैत्री व वैयक्तिक असूया आली आहे. ज्युरी रस्टीला दोषी नसल्याचा निर्णय देते आणि त्या निर्णयामागे कोणताही गैरव्यवहार नाही. न्यायालय स्वच्छ झाले. काळोख घरात गेला.

हा बदल आपाततः सौम्य वाटला तरी त्याचे नैतिक परिणाम दूरगामी आहेत. मालिकेतील रस्टी कॅरोलिनचा मृतदेह पाहतो, खून पत्नीने केला असे समजतो आणि तपास भरकटावा म्हणून एका जुन्या गुन्ह्याच्या धर्तीवर तो देह बांधून ठेवतो. म्हणजे आरोपाच्या अक्षरार्थाने तो निर्दोष, पण पुरावा बिघडवण्याचा अपराधी आहे. ‘गृहीत निर्दोषत्व’ हे कायद्याचे तत्त्व आरोपीच्या शुद्धतेची ग्वाही देत नाही. ते राज्यसंस्थेवर सिद्धतेची जबाबदारी टाकते. ‘दोष सिद्ध झाला नाही’ आणि ‘हा निर्दोष आहे’ या दोन विधानांतील अंतर मालिकेने कादंबरीपेक्षाही उघडे केले आहे. मात्र ते न्यायालयासमोर येतच नाही. कुटुंब स्वतःच न्यायासन होते, स्वतःच क्षमा करते आणि पुन्हा एकत्र जेवायला बसते. जेडनवरील चर्चेच्या गदारोळात रस्टीच्या या कृतीचा विचार मागे पडला.

यात सर्वाधिक अन्याय कॅरोलिनवर होतो. कादंबरीत ती रस्टीच्या आसक्त नजरेतून दिसते. तरी बालछळाचा खटला जिद्दीने लढणारी वकील म्हणून तिला स्वतंत्र अस्तित्व आहे. रेनाटे राइन्स्वे यांनी साकारलेली कॅरोलिन मुख्यतः तुकड्यातुकड्यांच्या स्मृतिदृश्यांत वावरते. तिच्या गरोदरपणाची मालिकेने घातलेली भर तिच्या व्यक्तित्वात काही मिळवत नाही. ती केवळ खुनाचे निमित्त ठरते. अखेरीस सॅबिच कुटुंब वाचले की नाही याची प्रेक्षकाला चिंता वाटते; मृत स्त्रीला न्याय मिळाला नाही याची टोचणी लागत नाही. कादंबरीतील मौन वाचकाला अस्वस्थ ठेवते, मालिकेतील मौन दिलासा देते.

समारोप

माध्यमांतरात बदल होणारच; तो दोष नव्हे. प्रथमपुरुषी निवेदनातून लपवाछपवी करणारा नायक कॅमेऱ्यासमोर जसाच्या तसा उभा करता येत नाही, हे मान्य करावे लागेल. पण बदलाची परीक्षा कथेने कोणता प्रश्न सोडला आणि कोणता स्वीकारला, यावरून व्हावी. टुरो यांनी विचारले होते: सत्य शोधणारी संस्थाच किडलेली असेल तर सुटकेचा अर्थ काय? मालिका विचारते: आपल्या माणसासाठी आपण कुठवर लपवू? दुसरा प्रश्न क्षुद्र नाही; मात्र त्याच्या उत्तराची किंमत कोणाला मोजावी लागली, हे सांगण्याचे मालिकेने टाळले. समीक्षेनेही तो हिशेब पुरेसा मागितला नाही. वर्गात मूळ कृती व रूपांतर शेजारी ठेवून शिकवताना विद्यार्थ्यांना ‘खुनी का बदलला?’ याबरोबरच ‘न्यायालय का बदलले?’ हेही विचारायला शिकवावे. रूपांतराच्या अभ्यासाला खरी धार तेथून येईल.