घोड्यांच्या लाथा आणि जादा शून्ये

संख्याशास्त्राच्या पुस्तकात पॉयसाँ वितरण आले की प्रशियाच्या सैन्याचा तक्ता बहुधा येतोच. लाडिस्लाउस बोर्टकेविच यांनी १८९८ साली तो प्रसिद्ध केला. घोड्याची लाथ बसून किती सैनिक मेले, याची ही १८७५ ते १८९४ या काळातील नोंद. दहा कोअर, वीस वर्षे, म्हणजे २०० नोंदी. त्यांतील १०९ नोंदींत मृत्यू शून्य, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तीन नोंदींत तीन आणि एकीत चार.

निम्म्याहून अधिक शून्ये! विद्यार्थ्याला वाटते, काहीतरी गडबड आहे. आपण करून पाहू. एकूण मृत्यू १२२, म्हणून सरासरी ०.६१. ई या संख्येचा उणे ०.६१ वा घात काढला की शून्याची संभाव्यता मिळते: ०.५४३. तिला २०० ने गुणले की येतात सुमारे १०९. म्हणजे शून्ये पुष्कळ आहेत, पण जादा एकही नाही. हा फरक आमच्या पाहण्यातली बहुतेक पुस्तके सांगत नाहीत, ही आमची मुख्य तक्रार.

आणखी एक. मूळ नोंदी १४ कोअरच्या, म्हणजे २८० होत्या. चार कोअरची रचना वेगळी असल्याने बोर्टकेविच यांनी त्या वगळून जुळणी दाखवली, आणि तसे स्पष्ट सांगितले. पुस्तकांनी ते गाळले. सगळ्या २८० घेतल्या तरी शून्ये १४४ आणि अपेक्षित १३९. मग लपवायचे कशाला?

जादा शून्ये वेगळ्याच वाटेने येतात. समजा, वर्गात ५० मुले आहेत. त्यांतली २० ग्रंथालयाची सभासदच नाहीत. उरलेली ३० महिन्याला सरासरी दोन पुस्तके नेतात. वर्गाची सरासरी १.२, त्यावरून शून्ये १५ अपेक्षित. प्रत्यक्षात सुमारे २४ निघतील: २० बिगरसभासद आणि चार असे सभासद, ज्यांनी त्या महिन्यात काही नेले नाही. डायन लॅम्बर्ट यांनी १९९२ साली छापील विद्युतमंडलांच्या डाखकामातील दोषांसाठी नेमके असे प्रतिमान मांडले: यंत्रणा कधी निर्दोष अवस्थेत असते, तेव्हा दोष होतच नाही, इतर वेळी दोष पॉयसाँप्रमाणे पडतात, त्यातही शून्य येऊ शकते.

कल्पना सुरेख आहे, पण जिथे तिथे ती लावण्याची घाई आम्हांला पटत नाही. सगळी मुले सभासद असून काही अधाशी वाचक आणि काही वर्षातून एकदा फिरकणारी असली, तरी शून्ये वाढतात. तिथे ऋण द्विपद वितरण पुरते. केवळ आकड्यांकडे पाहून यांतले खरे कोणते हे पुष्कळदा ठरत नाही. चोवीस शून्यांतली ती चार मुले कोणती, हे तर लॅम्बर्ट यांचे प्रतिमानही सांगू शकत नाही. ते फक्त संभाव्यता देते. त्यासाठी ग्रंथपालांकडची सभासदांची वही उघडावी लागते.