समाचार, शुश्रूषा आणि साहित्य : आजारकथनाच्या समीक्षेचे काही प्रश्न

१

आजारी माणसाच्या भेटीस जाण्याला मराठीत 'समाचाराला जाणे' असे म्हणतात. 'समाचार' या शब्दाचा एक अर्थ वार्ता, खबर असा आहे. आजाऱ्याची काळजी घेण्याला 'शुश्रूषा' हा शब्द रूढ आहे. तो 'श्रु' या धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध होतो आणि त्याचा व्युत्पत्तीने येणारा अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. आजारी माणूस आणि त्याच्याभोवतीची माणसे यांच्यातील व्यवहार हा सांगण्याऐकण्याचा व्यवहार आहे, ही जाणीव या दोन शब्दांत साठवलेली दिसते. समाचाराला आलेला माणूस नुसता विचारपूस करून परतत नाही. आपल्या आत्याला हेच झाले होते, तिने काय केले, कोणते पथ्य तिला मानवले, भूक केव्हा परतली, हे तो सांगतो. आजारीही आपली रात्र कशी गेली ते सांगतो. ही देवघेव साहित्याच्या फार पूर्वीपासून चालत आलेली आहे आणि आजारपणाविषयीच्या लेखनाचे मूळ तीतच शोधावे लागते.

मराठी समीक्षेने मात्र या लेखनाकडे पाहताना ही देवघेव बाजूला ठेवलेली आहे. गंभीर आजारातून गेलेल्या माणसांनी लिहिलेली पुस्तके मराठीत वाचली जातात, त्यांच्या आवृत्त्या निघतात. परंतु त्यांची चर्चा एक तर 'प्रेरणादायी' या विशेषणाने आटोपली जाते, नाही तर 'माहितीपर' या वर्गात त्यांची रवानगी होते. पहिल्या प्रकारात लेखकाच्या धैर्याचे कौतुक होते, दुसऱ्यात पुस्तकाची उपयुक्तता मान्य होते. दोन्ही प्रकारांत संहितेचा विचार होत नाही. या उपेक्षेमागे आपल्या साहित्यविचारातील एक गृहीतक आहे. माहिती आणि अनुभूती या परस्परविरोधी गोष्टी आहेत, लेखन जितके माहितीपासून दूर सरकते तितके ते साहित्याच्या जवळ येते, असे ते गृहीतक होय. आजारकथनाच्या संदर्भात हे गृहीतक तपासून पाहण्याची गरज आहे.

२

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलाविचारातील लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची मांडणी केली आहे. कलेचे जीवनाशी, ज्ञानाशी, नीतीशी असलेले नाते एका ध्रुवाकडे महत्त्वाचे ठरते, तर दुसऱ्या ध्रुवाकडे कलेची स्वायत्तता निर्णायक ठरते. नवसाहित्याच्या काळापासून मराठी समीक्षेचा कल बराच काळ दुसऱ्या ध्रुवाकडे राहिला. पुढे ग्रामीण, दलित आणि स्त्रीवादी साहित्यविचाराने या कलाला आव्हान दिले आणि जगण्याच्या तपशिलाला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. आजाराचा तपशील या प्रतिष्ठेपासून वंचित राहिला. भुकेचा, जातीचा, राबणाऱ्या हातांचा तपशील सामाजिक म्हणून स्वीकारला गेला. डायलिसिसवर असलेल्या माणसाने दिवसभराचे पाणी एका तांब्यात मोजून ठेवावे आणि रात्री उरलेल्या दोन घोटांचा हिशेब करावा, हा तपशील मात्र खाजगी आणि वैद्यकीय ठरला.

येथे मराठी भाषेतील एक भेद उपयोगी पडतो. 'रोग' आणि 'दुखणे' हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरत नाही. रोगाचे निदान होते, दुखणे 'येते'. रोगाला नाव असते, दुखण्याला दिवस असतात. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, या म्हणीत दुखण्याची गती मोजलेली आहे. रोगाविषयी अशी म्हण नाही. 'रोगी' हा वैद्याच्या समोरचा माणूस, तर 'दुखणाईत' हा घरातला. आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञाने १९८८ साली आजारकथनांवरील आपल्या ग्रंथात वैद्यकाने घडवलेली रोगाची संकल्पना आणि रुग्णाने व त्याच्या कुटुंबाने जगलेले आजारपण यांत जो भेद केला, त्याच्या जवळचा भेद मराठी बोलीव्यवहारात सहज नांदत आला आहे. आजारकथनातील दैनंदिन माहिती ही दुखण्याविषयीची माहिती असते. ती आरोग्यपुस्तिकेतील माहितीची पातळ आवृत्ती आहे असे समजणे हा वर्गीकरणाचा दोष आहे.

३

हा भेद संहितेत कसा ओळखावा? त्याची एक खूण व्याकरणात सापडते. आरोग्यपुस्तिका विध्यर्थात बोलते : मीठ कमी खावे, रोज चालावे, औषध वेळेवर घ्यावे. आजारकथन भूतकाळात बोलते : मीठ कमी केले, पहिले आठ दिवस जेवण घशाखाली उतरेना, मग लिंबाची सवय झाली. पहिल्या वाक्यांना कर्ता नाही, म्हणून ती सर्वांना लागू होतात. दुसऱ्या वाक्यांचा कर्ता एक विशिष्ट शरीर आहे आणि ती त्या शरीरापुरती खरी आहेत. विध्यर्थ आज्ञा करतो. भूतकाळ साक्ष देतो. एकाचे पथ्य दुसऱ्याचे कुपथ्य ठरू शकते. मूत्रपिंडाच्या विकारात पाणी मोजून प्यावे लागते, तर मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यास ते भरपूर पिण्याचा सल्ला मिळतो. म्हणून स्वतःच्या अनुभवाची मर्यादा राखणारे भूतकाळी वाक्य हे वाङ्मयीन दृष्टीने अधिक प्रामाणिक असते आणि व्यवहारातही अधिक सुरक्षित असते. आजारकथनात लेखनाचा प्रामाणिकपणा आणि माहितीचा विश्वासार्हपणा या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. अशा लेखनाच्या मूल्यमापनाचा निकष येथून मिळू शकतो.

अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' (२०००) हे पुस्तक या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. गडचिरोलीत सार्वजनिक आरोग्याचे काम करणारा डॉक्टरच येथे रुग्ण झालेला आहे. आरोग्याचे ज्ञान असणे आणि ते स्वतःच्या जगण्याला लावणे यांतील अंतर हा आत्मपरीक्षणाचा विषय होतो. आहार, व्यायाम, श्वसन, ध्यान यांविषयीची व्यावहारिक माहिती या आत्मपरीक्षणात मिसळलेली आहे. निवेदकाला येथे दोन अधिकार प्राप्त आहेत : वैद्याचा आणि दुखणाइताचा. वैद्याचा अधिकार विध्यर्थाकडे खेचतो, दुखणाइताचा भूतकाळाकडे. हा ताण पुस्तकाचे बळ आहे, कारण उपदेशकर्ता स्वतःच चुकलेला आहे हे वाचकाला सतत ठाऊक असते. शीर्षकातील 'साक्षात्कारी' हे विशेषण मात्र वाचकाचे लक्ष दुसरीकडे वळवते. आजाराने काही उच्चतर दिले, ही अपेक्षा ते निर्माण करते. मूत्रपिंडाच्या आजारावरील पद्मजा फाटक यांच्या पुस्तकाचे नाव 'हसरी किडनी' असे आहे. दोन्ही शीर्षकांची रचना सारखी आहे : रोगाच्या वा अवयवाच्या नावाआधी एक विशेषण ठेवून त्याला माणसाळवायचे. एकात अध्यात्माकडे, दुसऱ्यात विनोदाकडे जाणारी ही दोन विशेषणे मराठी वाचकाला आजाराचा उघडा शब्द विशेषणाविना देणे किती अवघड वाटते हे सुचवतात.

४

विशेषणांचा हा प्रश्न सुझन सोन्टॅग यांच्या विचाराशी जाऊन भिडतो. क्षय आणि कर्करोग यांच्यावर लादलेल्या रूपकांची चिकित्सा करणारा त्यांचा निबंध १९७८ साली पुस्तकरूपाने आला. तो लिहिण्यापूर्वी त्या स्वतः कर्करोगाच्या रुग्ण होत्या. पण निबंधात त्याचा उल्लेख नाही. १९८९ साली एड्सच्या रूपकांवर लिहिताना त्यांनी याचे कारण दिले : आणखी एक कहाणी सांगण्यापेक्षा एक विचार मांडणे लोकांच्या अधिक उपयोगी पडेल, असे त्यांना वाटले होते. रूपकांच्या भीतीने रुग्ण वेळेवर योग्य उपचार घेत नाहीत, तो अडथळा दूर करावा हा त्यांचा हेतू व्यावहारिक होता. विसाव्या शतकातील साहित्यसमीक्षेचा एक महत्त्वाचा निबंध अशा रीतीने समाचाराच्या प्रेरणेतून जन्मला. मात्र कहाणी आणि उपयोग यांत सोन्टॅग यांनी जो विरोध कल्पिला तो टिकत नाही.

ऑड्री लॉर्ड यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या कर्करोगाच्या रोजनिशीने तो खोटा ठरवला आहे. स्तन काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एक स्वयंसेविका रुग्णालयात लॉर्ड यांच्या समाचाराला येते. तिच्याजवळ सहानुभूती आहे, माहिती आहे आणि लोकरीने भरलेला, फिकट गुलाबी रंगाचा एक कृत्रिम स्तन आहे. तो वापरला की कोणाला फरक कळणार नाही, ही तिची माहिती. लॉर्ड या कृष्णवर्णीय, समलिंगी स्त्री आहेत. त्या गुलाबी रंगात त्यांचे शरीर नाही आणि त्या माहितीत त्यांचे जीवन नाही. पुढे त्या कृत्रिम स्तनाशिवाय डॉक्टरांच्या दवाखान्यात जातात, तेव्हा यामुळे तेथील मनोधैर्यावर परिणाम होतो अशी तक्रार परिचारिका करते. लॉर्ड यांनी हे प्रसंग कडवटपणाने नोंदवले, पण त्यांचा खरा शोध वेगळा होता : आपल्यासारख्या स्त्रीला काय विचारावेसे वाटेल आणि ते तिला कोण सांगेल? येथे कहाणी हीच माहिती होते. समाचाराला कोण येतो, कोणाचे शरीर गृहीत धरून बोलतो, हे प्रश्न माहितीच्या अंगभूत राजकारणाचे आहेत. मराठीतील बहुतेक आजारकथने शिक्षित, शहरी आणि उपचार परवडणाऱ्या माणसांची आहेत, याची दखल घेताना लॉर्ड यांचा प्रश्न टाळता येणार नाही. 'दुखणे अंगावर काढणे' हा वाक्प्रचार ज्यांच्या आयुष्याला सर्वाधिक लागू पडतो, त्या कष्टकरी स्त्रियांची कथने लिहिलीच गेलेली नाहीत. घरोघर औषधांच्या वेळा, पथ्याची भांडी आणि तापाचे आकडे स्मरणात ठेवणारी स्त्री या ज्ञानाची धनीण असते. तिला त्याची लेखिका होण्याची संधी क्वचितच मिळते.

५

समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी १९९५ साली आजारकथनांचे तीन प्रकार सांगितले : पूर्ववत होण्याचे कथन, विस्कटलेपणाचे कथन आणि शोधाचे कथन. मराठी वाचकाची अभिरुची पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारावर पोसलेली आहे. रुग्ण बरा व्हावा, ते नाही तर निदान त्याला काही तरी गवसावे. पण बरे न होणारे आणि काहीही न गवसलेले दुखणाईत असतात. साक्षात्काराचा निकष लावला तर अशी माणसे दोनदा अपयशी ठरतात, एकदा शरीराने आणि एकदा कथनाने. विस्कटलेपणाचे कथन मराठीत शोधायचे तर 'कोसला'त (१९६३) धाकट्या मनीच्या देवीने झालेल्या मृत्यूनंतरच्या पानांकडे वळावे लागते. तेथे माहितीचा कोणाला काही उपयोग उरलेला नाही आणि कोणतेही विशेषण मदतीला येत नाही. आत्मकथनाच्या बाजूने मराठीत इतके निर्धारपूर्वक असांत्वन लेखन सहसा आढळत नाही.

बरे न होणाऱ्या दुखण्यात माहितीचे स्थान काय, या प्रश्नाचे उत्तर टॉलस्टॉयच्या 'इव्हान इलिचचा मृत्यू' (१८८६) या दीर्घकथेत मिळते. इव्हान इलिच न्यायाधीश आहे. आपण आरोपीकडे ज्या नजरेने पाहत होतो त्याच नजरेने डॉक्टर आपल्याकडे पाहतो, हे त्याच्या ध्यानात येते. डॉक्टरांचा वाद मूत्रपिंड की आंत्रपुच्छ असा चाललेला आहे. त्याचा प्रश्न जगणे की मरणे असा आहे. तो वैद्यकाची पुस्तके वाचतो, दुसऱ्यांच्या आजारांची चौकशी करतो, त्यांच्याशी स्वतःचा आजार ताडून पाहतो. ही सगळी माहिती त्याला एकटे पाडते, कारण घरातील प्रत्येक जण तो मरणार नाही असे खोटे वागत आहे. एकटा गेरासिम हा खेडवळ नोकर खोटे बोलत नाही. इव्हान इलिचला पाय उंच ठेवले की बरे वाटते, एवढे त्याला कळते आणि तो ते पाय आपल्या खांद्यांवर घेऊन रात्रीच्या रात्री बसतो. पाय किती उंच हवेत ही क्षुल्लक माहिती आहे. तिने रोग हटत नाही, मृत्यू टळत नाही. परंतु ऐकल्याशिवाय ती कोणाला मिळालीही नसती. 'शुश्रूषा' या शब्दाचे दोन्ही अर्थ गेरासिमच्या ठायी एकत्र आले आहेत.

आजारकथनाकडे पाहण्याची दिशा येथून निश्चित करता येईल. निवेदकाने आजारावर मात केली काय, त्याला साक्षात्कार झाला काय, हे प्रश्न गौण मानावे लागतील. आपल्या शरीराची वार्ता त्याने किती अचूकपणे दिली, तिची मर्यादा किती पाळली, साक्षीचे रूपांतर आज्ञेत कोठे केले, आणि वाचकाला आपल्या दुखण्याचा समाचार घेऊ दिला काय, हे प्रश्न संहितेच्या रूपाशी आणि नीतीशी एकाच वेळी निगडित आहेत. हे प्रश्न विचारू लागल्यावर पाण्याचा तांब्या, गोळ्यांची डबी आणि खांद्यावर घेतलेले पाय हे तपशील साहित्यबाह्य राहणार नाहीत. तेवढे झाले तर अद्याप न लिहिलेल्या दुखण्यांनाही मराठीत वाचक मिळण्याची शक्यता निर्माण होईल.