गोधडी : माया आणि मजुरी

मराठी साहित्यात गोधडी आली की तिच्यामागोमाग आई येते, आणि आई आली की समीक्षेचे काम संपते. गोधडी म्हणजे माया, गोधडी म्हणजे ऊब, गोधडी म्हणजे आठवणींचे जपलेले तुकडे. ही समीकरणे शाळेच्या पुस्तकांपासून दिवाळी अंकांपर्यंत इतकी रुळली आहेत की त्यांच्यामागे एक हात, एक सुई, एक दुखणारी मान आणि कित्येक दुपारचे श्रम आहेत हे लिहिणाऱ्याला आठवत नाही आणि वाचणाऱ्याला खटकत नाही. माझा आक्षेप मायेला नाही. माया खरीच आहे. परंतु ज्या शब्दाखाली श्रम झाकले जातात त्या शब्दाची झडती घेणे हे दलित समीक्षेचे काम आहे. ही झडती आपण देवळाची घेतली, पाणवठ्याची घेतली, गावगाड्याची घेतली. घरातल्या वळणीवर टाकलेल्या गोधडीची मात्र घ्यायची राहिली आहे.

मध्यमवर्गीय ललित लेखातली गोधडी ठरावीक असते. तिच्यात आजीच्या इरकल लुगड्याचा तुकडा असतो, आत्याच्या शालूचा काठ असतो, पहिल्या नातवाचे झबले असते. प्रत्येक तुकडा घरातला आणि प्रत्येकाला नाव. म्हणजे ती गोधडी एका कुटुंबाची वंशावळच असते. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या जुन्या वाकळीला ही वंशावळ लागू पडत नाही. तिच्यातले कितीतरी तुकडे दुसऱ्यांच्या अंगावरून उतरलेले. भाकरतुकड्याप्रमाणे जुनेरही मागून आणलेले, आणि प्रेतावरचे कापड तर महाराचा 'हक्क' म्हणूनच मानलेले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना मृतांची वस्त्रे नेमून दिली. त्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, पण त्याने नेमून दिलेले कापड पुढेही आमच्या वाकळींच्या पोटात राहिले. तेव्हा 'तुकड्यातुकड्यात आठवण' असे कोणी लिहिले की विचारले पाहिजे, आठवण कोणाची? कापड नवे असताना ज्यांनी मिरवले त्यांची, की ते विरल्यावर ज्यांनी पदर पसरून घेतले त्यांची?

या प्रश्नाचे उत्तर बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या पुस्तकात आहे. महार बाईला लुगड्याचा काठ उघडा दिसू देण्याची मुभा नव्हती, तो निऱ्यांत दडवून नेसावे लागे, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. महाडच्या त्याच डिसेंबरात बाबासाहेबांनी स्त्रियांना जात ओळखू आणून देणारी लुगडे नेसण्याची पद्धत टाकून द्यायला सांगितले, त्याचे मर्म इथे कळते. आता गोधडी शिवणारी बाई याच काठाचे काय करते ते पाहा. विरलेल्या लुगड्याचा काठ ती फाडून वेगळा काढते आणि गोधडीच्या कडेला लावते, कारण काठाची वीण घट्ट असते आणि गोधडी आधी कडेलाच फाटते. यात मी ओढूनताणून विद्रोह शोधणार नाही. तिने काठ लावला तो टिकतो म्हणून. परंतु कोणते कापड कुठे टिकेल हे ओळखणे ही बुद्धी आहे, आणि या बुद्धीला आपल्या समीक्षेत अजून नाव नाही.

चिंधीला आपल्या परंपरेत दुसराही एक इतिहास आहे. उकिरड्यावरची, स्मशानातली टाकून दिलेली कापडे वेचून भिक्खू आपली चीवरे शिवत. त्यांना पांसुकूल म्हणत. विनयपिटकातल्या महावग्गात अशी कथा आहे की तथागतांनी मगधाची बांधबंदिस्त शेते दाखवून तशा आखणीचे चीवर करता येईल का असे आनंदाला विचारले, आणि आनंदाने तुकडे जोडून ते करून दाखवले. तुकड्यांचे वस्त्र चोराच्या उपयोगाचे नाही, हाही त्यात हेतू होता. अलीकडच्या काळात गाडगेबाबांनी चिंध्या पांघरल्या त्याही स्वतःहून. मनूने लादलेली चिंधी आणि भिक्खूने निवडलेली चिंधी यांतला फरक आपण जाणतो. पण गोधडी शिवणारी बाई या दोहोंत बसत नाही. तिने त्याग केलेला नाही आणि तिला लादलेले मुकाट पांघरायचेही नाही. लेकरे थंडीत कुडकुडू नयेत एवढा तिचा कार्यक्रम आहे. तो तिने कसा पार पाडला याची नोंद धर्मग्रंथात नाही. ती गोधडीतच वाचावी लागते.

तलवाड्यात मी ती वाचली. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले हे गाव त्वरिता देवीमुळे ओळखले जाते. देवीला नवे लुगडे चढते, वस्तीत जुने लुगडे फिरते. या भागातली कष्टकरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन उसाच्या तोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. कारखान्याच्या तळावरच्या कोपीत अंथरूण म्हणून जी वस्तू जाते ती गोधडी, आणि ती शिवायला सवड मिळते ती परत आल्यावर, पाऊस पडायच्या आत. म्हणजे थंडीसाठीची गोधडी वैशाखाच्या उन्हात शिवायची.

बौद्ध वस्तीतल्या एका घरात मला अशीच अर्धी राहिलेली गोधडी पाहायला मिळाली. खाली जुन्या धोतराचे अस्तर, मध्ये चार-पाच थर, वर परकर, सदरा, शाळेच्या गणवेशाची निळी खाकी ठिगळे. बाई जमिनीवर ते पसरते, कोपऱ्यांवर वजन ठेवते, सुरकुती काढते आणि कडेपासून धावदोरा घालत आत सरकते. कडेच्या ओळी जवळजवळ होत्या, टाका बारीक होता. हातभर आत गेल्यावर दोऱ्याचा रंग बदलला होता, कारण पहिले रीळ संपले आणि दुसरे वेगळ्या रंगाचे मिळाले. त्यापुढे टाका लांब झाला होता, कारण तिथून पुढे सून शिवत होती. एका ओळीत सुई तशीच खोचून गोधडीची गुंडाळी केलेली होती. केव्हा पुरी होणार, असे विचारले तेव्हा ती म्हातारी म्हणाली, ''व्हईल की सर. औंदा कडंची झाली, फुडच्या साली मधली व्हईल. रिकामपनाचं काम हाय ते.''

'रिकामपणाचे काम' हा शब्द त्या बाईचा असला तरी तो व्यवस्थेने तिच्या तोंडात घातलेला आहे. आपण हिशेब करून पाहू. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद गोधडी धरा. ओळींमध्ये एका इंचाचे अंतर आणि इंचाला तीन टाके धरा. टाक्यांची संख्या दहा हजारांच्या वर जाते. ओळी जवळ घेतल्या तर ती दुप्पट होते. प्रत्येक टाका चार-पाच थरांतून सुई रेटून काढायचा असतो. स्वयंपाक, पाणी, शेण, दुसऱ्याच्या शेतातली मजुरी आणि सहा महिन्यांची ऊसतोड यांच्या फटीत हे दहा हजार टाके पडतात. गावगाड्यात शिंप्याचे शिवणे हा धंदा ठरला, त्याचा वाटा धान्यात बांधला गेला. बाईचे शिवणे मात्र रिकामपण ठरले. एकच सुई एकीकडे व्यवसाय होते आणि दुसरीकडे वेळ घालवण्याचे साधन होते. हा भेद कापडाने केलेला नाही. जातीने आणि पुरुषसत्तेने मिळून केलेला आहे.

इथे उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनाची आठवण येते. आईचे बांबूची आयदाने विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, असे त्यांनी मांडले. या मांडणीचे बळ कशात आहे? पतीच्या निधनानंतर आईने विणलेली आयदाने विकली जात आणि त्यावर घर चाले. म्हणजे तिथे हाताची वीण ही पोटाची वीण होती आणि ती लेखिकेने लपवली नाही. आयदान बाजारात जाते म्हणून त्याला निदान भाव असतो. गोधडी घरात राहते, म्हणून तिच्या वाट्याला फक्त गौरव येतो. गौरवाने सुईचे पैसेही सुटत नाहीत.

हाच न्याय आपल्या स्त्रियांच्या लेखनालाही लावला गेला. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांत तुकडे आहेत, कालक्रम नाही, 'मी'चा 'आम्ही' होतो, रचना विस्कळीत आहे, असा शेरा प्रस्थापित समीक्षेने वेळोवेळी मारला. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) मध्ये नाजाची गोष्ट तृतीय पुरुषात सुरू होऊन पुढे 'मी'वर येते. बेबी कांबळे यांनी घरच्यांपासून लपवत, दुकान सांभाळता सांभाळता लिहिले आणि ते कागद कितीतरी वर्षे दडवून ठेवले. अशा लेखनात जोड दिसणारच. सलग कापड सलग वेळ असणाऱ्याला मिळते. परंतु म्हणून प्रत्येक तुटकपणाला 'गोधडीचे सौंदर्यशास्त्र' असे गोंडस नाव देऊन टाळ्या वाजवणे हाही आळसच आहे. गोधडीत वाईट टाकाही असतो, तो उसवतो, आणि शिवणारीला तो कळतो. जोड कुठे गरजेने आला, कुठे विचाराने आला आणि कुठे नुसता घाईने आला, हे समीक्षकाने शिवणारीइतक्या बारकाईने सांगितले पाहिजे.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. दलित पँथरच्या स्थापनेपासून, १९७२ पासून, आपण अमेरिकेतल्या काळ्या चळवळीशी नाते सांगत आलो आहोत. तिथल्या काळ्या स्त्रियांनीही जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. ॲलिस वॉकर यांची 'एव्हरीडे यूज' ही १९७३ ची कथा त्यावरच आहे. शिकून शहरात गेलेली मुलगी गावी येते आणि आजीच्या गोधड्या भिंतीवर टांगण्यासाठी मागते. आई त्या तिच्या हातातून काढून घेते आणि गावातच राहिलेल्या, त्या रोज अंगावर घेईल अशा धाकटीला देते. शिकलेल्या दलित वाचकाला ही कथा टोचते, टोचलीच पाहिजे. परंतु त्या कथेतली एक गोष्ट अनेकदा सुटते. धाकटीला गोधडी शिवता येते, ती फाटली तर ती दुसरी शिवील. वारसा वस्तूत नसून कसबात आहे, असे वॉकर सुचवतात.

कथेच्या पुढचे पाऊल अलाबामा राज्यातल्या गीज बेंड परिसरातल्या काळ्या स्त्रियांनी टाकले. या लोकांना मतदार नोंदणीला जाता येऊ नये म्हणून १९६२ मध्ये नदीवरची नाव बंद करण्यात आली होती. १९६६ मध्ये तिथल्या स्त्रियांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली आणि गोधड्या शिवून विकल्या. स्वातंत्र्य हा शब्द त्यांनी सुईशी जोडला तो शोभेसाठी नाही. मजुरी हातात आली की मालकाचा धाक कमी होतो, हा त्यामागचा अनुभव होता. पुढे २००२ मध्ये गीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि समीक्षकांनी त्यांना आधुनिक कलेच्या पंक्तीत बसवले. २००७ मध्ये काही शिवणाऱ्या स्त्रियांना मोबदल्यासाठी न्यायालयात दावे लावावे लागले, ते पुढच्या वर्षी मिटले. कलाकृती म्हणून मान मिळाला म्हणून दाम आपोआप मिळत नाही, एवढे यातून शिकण्यासारखे आहे.

आज आपल्याकडेही गोधडी शहरातल्या दुकानात आली आहे. ती 'पारंपरिक' म्हणून विकली जाते, तिच्यावर दुकानाचे नाव असते, शिवणारीचे नसते. गावात मात्र बाजारची ब्लँकेटे स्वस्त झाली आहेत, सुती लुगड्याची जागा घसरणाऱ्या नायलॉनने घेतली आहे, आणि त्या साडीची गोधडी घाम शोषत नाही अशी बायकांची तक्रार आहे. म्हणजे जिथे गोधडीची गरज होती तिथून ती उठते आहे आणि जिथे तिची हौस आहे तिथे ती पोचते आहे. या घडीला नुसते 'मायेची ऊब' म्हणत राहणे म्हणजे दुकानदाराची जाहिरात फुकट लिहून देणे होय.

मग आपण काय करावे? कार्यकर्त्यांनी वस्त्यांतल्या शिवणाऱ्या बायांचे गट बांधावेत आणि दर टाक्याच्या श्रमावर ठरवावा, नुसता नगावर नव्हे. शिक्षकांनी वर्गात गोधडीवरचा धडा घेताना तिला लागलेल्या दिवसांचा हिशेब मुलांकडून घरी विचारून आणवावा. विद्यार्थ्यांनी आपल्या घरची एक तरी गोधडी उजेडात पसरावी आणि कोणता तुकडा कुठून आला, कोणती ओळ कोणी घातली, हे शिवणारीच्या तोंडून लिहून घ्यावे, तिचे नाव आणि साल घालून. आणि समीक्षकांनी माया हा शब्द लिहिण्याआधी टाके मोजावेत. माया त्या टाक्यांत असेल तर मोजल्याने ती कमी होणार नाही.