‘या पिढीत’ म्हणजे नेमकं कधी?

आज एका पुस्तकाविषयी बोलायचं आहे. जॉन मॉट यांचं हे पुस्तक 1900 साली आलं. नाव लांबलचक आहे. मराठीत सांगायचं तर ‘याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता’. मुळात हे अमेरिकेतल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचं घोषवाक्य. आणि ही चळवळ उभी करण्यात जो तरुण पुढे होता, तो रॉबर्ट वायल्डर, 1863 साली आपल्या कोल्हापुरात जन्मलेला. वायल्डर मेमोरियल चर्चवरून आपण जातो-येतो. तेच हे घराणं. तेव्हा हा वाद कुठल्या तरी दूरच्या लोकांचा आहे असं समजू नका.

वाद असा. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या 20व्या अध्यायात, ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख येतो. एक पक्ष म्हणतो, ख्रिस्त आधी येणार, मग ते राज्य सुरू होणार. दुसरा म्हणतो, प्रचार, शिक्षण, सुधारणा यांतून ते राज्य इथेच पिकत जाईल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल. तिसरा पक्ष ऑगस्टिनचा. तो हजार हा आकडा मोजायचाच नाही म्हणतो, चर्चचा हा चालू काळच तो. याला आज मी फार वेळ देणार नाही, कारण एकोणिसाव्या शतकातली खरी झुंज पहिल्या दोघांत झाली.

वरवर पाहिलं तर ही पंचांगाची भांडणं वाटतात. आपल्याकडेही कलियुगाची वर्षं मोजणारे आहेतच की. पण ख्रिस्ती वादाला एक वेगळी धार आहे. तो येण्याआधी मी जे काम करतो, ते पाया आहे की नुसती सुटका? ड्वाइट मूडी हा प्रसिद्ध प्रवचनकार पहिल्या पक्षाचा. त्याला जग फुटलेल्या जहाजासारखं दिसायचं आणि आपलं काम म्हणजे होडी घेऊन जमतील तेवढी माणसं वाचवणं. आता फुटलेल्या जहाजावर कोणी रंगकाम काढत नाही. शाळा, दवाखाने, छापखाने हे रंगकाम की जहाजाची डागडुजी? इथे वेळेचा प्रश्न माणसाच्या श्रमाच्या किमतीचा होतो, म्हणून मला तो तत्त्वज्ञानाचा वाटतो.

मत्तयाच्या 24व्या अध्यायात सगळं एकत्रच आहे. सुवार्ता साऱ्या जगात गाजली की मग शेवट येईल, असं तिथे आहे. ही पिढी सरण्याआधी हे सारं घडेल, असंही आहे. आणि दोनच ओळींनंतर तो दिवस, ती घटका कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालासुद्धा नाही, असंही आहे! बहुतेक पंथ यातलं एक वाक्य उचलतात आणि बाकीची दोन समजावून सांगत बसतात. आर्थर पिअर्सन यांनी पहिलं उचललं. प्रचार पुरा करा, म्हणजे राजाचं येणं जवळ येईल. 1886 साली माउंट हर्मन इथे मूडीच्या शिबिरात 251 विद्यार्थी जमले होते. वायल्डर आणि पिअर्सन दोघंही तिथे होते. शंभर जणांनी परदेशी मिशनकार्याला जाण्याची तयारी दाखवली. ‘या पिढीत’ या शब्दांतली ऊब या वातावरणातली आहे.

मॉट यांच्यापुढे अडचण होती ती ही. चळवळीत दोन्ही पक्षांची मुलं. जर्मन मिशनशास्त्रज्ञ गुस्ताफ वार्नेक यांनी तर ही घाईच चुकीची ठरवली होती. मग मॉट यांनी काय केलं? घोषवाक्य हे भाकीत नाही म्हणाले, पुनरागमनाच्या कुठल्या एका मताशी ते बांधलेलंही नाही. आजच्या ख्रिस्ती पिढीवर आजच्या माणसांची जबाबदारी आहे, एवढंच.

युक्तिवाद म्हणून मला हा आवडतो. घड्याळ ख्रिस्ताच्या येण्याचं नाही, ऐकणाऱ्याच्या मरणाचं लावलं आहे. मरणाबद्दल वाद नाही. सर्व पक्ष सही करू शकतात. पण बघा, यात एक हातचलाखी आहे. शब्दांची ऊब पहिल्या पक्षाकडून घेतली आणि त्यांचं घड्याळ तेवढं परत केलं. शिवाय पिढी हे एकक घेतलं की एक माणूस हिशोबातून निसटतो. तो म्हणजे आज जो पाच वर्षांचा आहे आणि ज्याला वाचायला शिकायला दहा वर्षं लागणार आहेत. मॉट शिक्षणाला नाकारत नाहीत, पण त्यांच्या शब्दांत त्याला स्वतःचा काळ मिळत नाही.

रॉबर्टचे वडील रॉयल वायल्डर हे शाळावाले. 1852 मध्ये ते कोल्हापुरात आले. त्यांच्या मिशन-मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचं धोरण शाळांपेक्षा प्रवचनाला महत्त्व देण्याचं. वायल्डर त्याविरुद्ध भांडले, मंडळाशी संबंध तुटले, तरी परत येऊन त्यांनी काम चालू ठेवलं. हजार वर्षांविषयी त्यांचं मत काय, यावरून हे भांडण झालं नव्हतं. शाळा काढणारा माणूस मात्र पुढची पिढी असणार हे धरूनच चालतो, तोंडाने काहीही म्हणो. मिरजेला 1894 साली वॉनलेस यांनी रुग्णालय काढलं आणि तिथेच डॉक्टरही शिकवले, तेही तसंच.

आता कोणी म्हणेल, मूडीनेही शाळा काढल्याच की. काढल्या. माउंट हर्मन ही त्याचीच शाळा, जिथे ते शिबिर भरलं. फुटलेल्या जहाजावर त्याने वर्गखोल्या बांधल्या! म्हणून एखाद्या पंथाला वेळेबद्दल काय वाटतं हे कळायला मी त्याचं मतपत्रक वाचत नाही, तो जागा किती वर्षांच्या कराराने घेतो ते विचारतो. रॉयल वायल्डर यांनी 1878 मध्ये प्रिन्स्टनला मिशनविषयक मासिक सुरू केलं होतं. 1887 मध्ये ते वारले आणि 1888 पासून ते मासिक ज्यांच्या हाती गेलं, ते संपादक होते आर्थर पिअर्सन.