झाकली मूठ आणि सहावा टर्न

आज एकाच डेकबद्दल बोलायचंय: ‘मार्व्हल स्नॅप’मधला हेलाचा डेक, इनव्हिजिबल वुमनच्या आडून खेळला जाणारा. त्याचं कौतुक होतं ते शेवटच्या टर्नला बसणाऱ्या धक्क्यासाठी. आम्हाला ते कौतुक चुकीच्या जागी वाटतं.

आधी यंत्रणा बघू. खेळ सहा टर्नचा, डेक बारा पत्त्यांचा, ठिकाणं तीन. मोडॉक पाचव्या टर्नला येतो आणि हातातले सगळे पत्ते फेकून देतो. सहाव्याला हेला येते आणि फेकलेले सगळे पत्ते जिवंत करून परत आणते. आता गंमत अशी, की मोडॉक पाचव्याला उघड खेळलात तर हातातली हेलाही फेकली जाते! म्हणून आधी इनव्हिजिबल वुमन. तिच्या ठिकाणी टाकलेले पत्ते खेळ संपेपर्यंत उघडत नाहीत. शेवटी मोडॉक उघडतो, मागोमाग हेला, आणि वीस ताकदीचा इन्फिनॉट, चौदाचा जायगँटो असे धटिंगण धडाधड पटावर पडतात. इन्फिनॉटला एरवी आदल्या टर्नला काही न खेळण्याची अट असते. इथे ती आडवी येतच नाही. ही मांडणी सुंदर आहे, यात वाद नाही.

पण हिशोब करा. पहिल्या टर्नला हातात चार पत्ते, मग दर टर्नला एक. वुमन चौथ्या टर्नपर्यंत, मोडॉक पाचव्यापर्यंत, हेला सहाव्यापर्यंत हाती लागायला हवी. याची शक्यता साधारण २६ टक्के. म्हणजे चारातला एक डाव! उरलेल्या तीन डावांत हा डेक म्हणजे न खेळता येणारे जड पत्ते हातात धरून बसणं.

मग लोक तो खेळतात कशाला? आमचं उत्तर: झाकली मूठ सव्वा लाखाची. समोरच्याला फक्त वुमन दिसते आणि तिच्यामागे एक पालथा पत्ता. तो मोडॉक आहे की वेळ मारून न्यायला टाकलेलं काहीतरी, त्याला कळत नाही. कॉम्बो काय आहे हे तर आता सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यात कसला धक्का? प्रश्न एवढाच, की आज तो जमलाय का. कुणीच स्नॅप केलं नसेल आणि तो पळाला, तर आपल्याला एकच क्यूब. दोघांनी स्नॅप करून शेवटपर्यंत थांबलात, तर आठ. तिन्ही पत्ते आल्यावरच स्नॅप करणारा खेळाडू दोन-चार डावांत ओळखू येतो, आणि मग त्याची मूठ उघडीच असते. म्हणून आम्ही म्हणतो, या डेकमधला सगळ्यात महत्त्वाचा पत्ता तेरावा: स्नॅपचं बटण. हातात मोडॉक नसताना ते दाबता आलं पाहिजे.

आमची तक्रार वेगळी आहे. पाच टर्न समोरचा माणूस काय करतोय याच्याकडे हा डेक जवळजवळ बघतच नाही. पेशन्स लावून बसल्यासारखं. पुढे हेलाने परत आणलेल्या पत्त्यांची ताकद कमी केली गेली. त्यानं आकडे बदलले, हा एकलकोंडेपणा नाही.

त्यावर खरा उतारा एकच, कॉस्मो. तीन ऊर्जेचा कुत्रा. वुमनसमोर येऊन बसला की मोडॉकही थंड, हेलाही थंड. आमच्याकडे अनेकदा तिन्ही पत्ते हातात असताना तो आलाय. तेव्हा मुकाट्यानं पळायचं, एक क्यूब देऊन.